ट्यूबा खरेदी समितीचा निःपक्षपाती निर्णय

वस्तू नेहमी पारखून घ्यावी आणि पारखण्याचं काम तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्यांकडे सोपवावं, म्हणजे निर्णय निःपक्षपाती होतो. पाणीपुरवठा विभागाच्या बँडसाठी नवा ट्यूबा (मांडीवर घेऊन फुंकायचा, घंगाळाएवढ्या तोंडाचा पितळी कर्णा) घ्यायचं ठरलं, तेव्हा पाच जणांच्या समितीत म्हणूनच एकही वाजवणारा नव्हता.

बावीस वर्षं ट्यूबा वाजवणारे फुंकेदादा हजर होते, पण ते उचलून ठेवण्यापुरते. जुना ट्यूबा त्यांनी तीन ठिकाणी चिकटपट्टी लावून जगवला होता. आज वाजवून बघायला मिळेल, या आशेने ते मुद्दाम गुळगुळीत दाढी करून आले होते.

टेबलावर तीन ट्यूबा मांडले होते. समितीने त्यांचं वजन केलं, घेर मोजला, कपाटात मावतात का पाहिलं, चकाकीला गुण दिले (सरासरी आठ पूर्णांक दोन, कशाची, ते नोंदवलेलं नाही).

दादांनी घसा खाकरला. "साहेब, जरा वाजवून बघू का?"

"वाजवून?" अध्यक्ष दचकले. "म्हणजे वापरलेला माल घ्यायचा आपण?"

समिती चहाला गेली. दादांनी दार लोटलं आणि पहिला ट्यूबा मांडीवर घेतला. एकच सूर लावला. खिडकीच्या काचा गुणगुणल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात थांबला.

"दादा, हे कानात नाही, पोटात ऐकू आलं बघा."

दादांचे डोळे भरून आले. दुसरा बरा निघाला. तिसरा तुंबलेल्या मोरीसारखा गुरगुरला (विभागाला साजेसा, हे मान्य करायला हवं).

समितीने परतल्यावर एकमताने तिसरा निवडला. त्याच्या चकचकीत पितळेत अध्यक्षांचा चेहरा सडपातळ दिसत होता.

"साहेब, हात जोडतो, पहिला घ्या. मी तिन्ही वाजवून पाहिलेत."

"दादा, तुमचं मत धरता येणार नाही," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "तुम्हाला वाजवता येतं."

वार्षिक कार्यक्रमात दादांनी तो ट्यूबा मांडीवर घेतला, गाल फुगवले, बोटं चालवली आणि दोन तास एकदाही फुंकर घातली नाही. आवाजात लक्षणीय सुधारणा झाल्याचं समितीने नोंदवलं. फक्त मावशी रंगमंचाच्या मागच्या दाराने आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, बरं नाही का?"

आणि तुम्ही? तुम्ही तर पुढून दुसऱ्या रांगेत होतात. मोबाईल उंच धरून सगळं टिपलंत, घरी जाऊन आवाज बंद करून पाहिलंत, आणि चौदा जणांना पाठवलंत: "काय वाजवतात हो!"