भिंत पंधरा फुटांची

"भिंत पंधरा फुटांची, आन् तू शेळ्या बांधल्या वीस फुटावर. उरल्या पाच फुटातून त्या भोकरदनला गेल्या की रे."

क्लासमध्ये पेपर तपासायला लागले त्या पहिल्या दिवशी, दाराबाहेर चपला काढताना, हे मला ऐकू आलं. वाटलं, आत कोणाचं तरी शेळ्यांवरून भांडण जुंपलंय. डोकावले तर फळ्यावर गणित होतं. चाळीस फूट तार, एका बाजूला भिंत. तारेनं उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालून शेळ्यांना जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? पोरानं पॅराबोला काढून त्याचा शेंडा अचूक शोधला होता, वीसवर. भिंत तेवढी लांब आहे का, हे मात्र वाचलं नव्हतं.

जाफराबादचे आमचे खरात सर याच एका चुकीवर आयुष्यभर चिडलेले आहेत. "आधी अट, मंग उत्तर." चहाच्या टपरीवरही तेच. आधी अट, साखर न्हाई. भाचीच्या लग्नात पंगतीला बसायच्या आधी त्यांनी आचाऱ्याला गाठून जिलेबी किती माणसांपुरती आहे ते विचारलं, आणि मग जेवणभर वाढप्यांवर ओरडत राहिले. नवरदेवाकडचे लोक त्यांना आजही आचारीच समजतात.

x चा वर्ग नऊपेक्षा लहान, म्हणजे x तीनपेक्षा लहान, असं लिहून पोरं मोकळी होतात. मग सरांचा आवाज बस स्टँडपर्यंत जातो. "मायनस शंभर तीनपेक्षा लहान हाय का न्हाई? हाय. मंग कर त्याचा वर्ग. नऊच्या आत बसतो? न्हाई ना? मंग मायनस तीनचं कुंपण कोण घालणार, मी?"

मी शिकले इंग्लिश मीडियममध्ये. मागच्या बाकावर बसून पेपर तपासायचे आणि गप्प राहायचे. सर म्हणायचे, मॅडमच्या इंग्लिशमधी अटीला कन्स्ट्रेंट म्हणतात, म्हणून त्यांना राग येत न्हाई. राग मलाही येत होता. तो त्यांचाच येत होता.

झालं असं, की या वर्षी क्लासची वेळ सरांनी गणितानं ठरवली. प्रत्येकाला सोयीची वेळ विचारली, तिच्यापासूनच्या अंतरांचे वर्ग केले, त्यांची बेरीज केली आणि ती सगळ्यात कमी कुठे येते ते काढलं. क्लास सुटायची वेळ आली सव्वासहा. कोणीच फार अडचणीत नाही, असं त्यांनी सिद्धच करून दाखवलं.

अडचणीत होती निकिता. तिच्या गावाकडे जाणारी जीप साडेपाचला भरते. त्यानंतरची भरता भरत नाही, आणि भरल्याशिवाय हलत नाही. निकिताला घरी पोहोचायला अंधार व्हायचा. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर क्लास बंद. एकदा ती साडेपाचच्या आधी दप्तर भरू लागली, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, मधीच उठायचं आसंल तर उद्यापासून येऊच नको. ती रडली नाही. खाली बसली. मी लाल पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

त्या संध्याकाळी तिला सोबत करायला मी स्टँडवर गेले. निकिता जीपमध्ये पुढे बसली होती. मागे, सोयाबीनच्या पोत्याला टेकून, खरात सर. ड्रायव्हरला म्हणत होते, "मी बसलो ना आता? भरली तुझी जीप. हाण जल्दी." मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

जीप गेल्यावर शेंगावाल्यानं सांगितलं, रोजचंच हाय मॅडम. सर सीट भरायला बसत्यात, पोरगी फाट्यावर उतरली की तेबी उतरत्यात, आन् मिळंल त्या गाडीनं नाहीतर पायी वापस. त्यांच्या घरी वाट बघायला कोन हाय?

मला त्यांचा आणखीच राग आला. एवढं कळत होतं, तर वेळ का बदलली नाही?

दुसऱ्या दिवशी निकिताचे वडील आले. दारातच उभे राहून म्हणाले, पोरीला न्यायला आलोय, अंधार काय आम्हाला जमत नाही. सर भडकले. त्यांनी खडू उचलला, पॅराबोला काढला आणि त्याच्या तळावर दणादण टिंब मारत सुटले. "ह्याच्यापेक्षा चांगली येळ हायच न्हाई, भाऊ. शिद्ध हाय हे. बिलकुल शिद्ध." आपण रोज तिच्यासोबत जीपमध्ये बसतो, याचं एक अक्षर बोलले नाहीत. खडू मोडला. निकिता पुस्तकं गोळा करू लागली.

मी उभी राहिले. 

"सर, भिंत पंधराच फुटांची आहे. निकिताची जीप साडेपाचला जाते. आधी अट."