आमचा ठेवणीतला सामान्य माणूस

इनास अंकलकडे सामान्य माणसाचे चार शर्ट आहेत. महागाईला फिकट निळा, सोन्याच्या भावाला चौकटीचा, पेट्रोलला बाह्या दुमडलेला पांढरा, आणि बजेटला एक तपकिरी. त्याची कॉलर त्यांनी मुद्दाम उसवून घेतली आहे.

हे सगळं माझ्यामुळे. मी इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात एका मराठी वृत्तवाहिनीला इथल्या बातम्या पाठवतो. पैशापाण्याची बातमी असली की मुंबईचा डेस्क म्हणतो, "सोपं करा. सामान्य माणूस दाखवा." इथे रस्त्यात कॅमेरा लावायचा तर परवानगी लागते. त्यामुळे माझा सामान्य माणूस कायम अल कुसैसला, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सापडतो. इनास तुस्कानो, मूळचे वसईचे, एका हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर.

दारावर टकटक केली की आतून प्रश्न येतो, "आज काय, तेल की सोनं?" मग ते शर्ट बदलतात, हातातलं चांगलं घड्याळ काढून ठेवतात आणि उसासा टाकून दाखवतात. "एवढा चालेल, की थोडा वाढवू?" मी कधी आकडे बोलायला सांगितले तर नाराज होतात. "काळेसाहेब, सामान्य माणूस आकडे बोलत नाही. तो मान हलवतो. बोलायला तुम्ही आहात ना?" प्रश्न लांबला तर घाई करतात, "यल्ला, यल्ला, माझा चेहरा उतरतोय."

माझी मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, बट अंकल इज नॉट इव्हन वरीड." टीव्हीवर असंच असतं, असं मी तिला सांगितलं. आता ते आठवलं की मान खाली जाते.

गेल्या महिन्यात रुपया घसरला. अंकल नवा, इस्त्रीचा शर्ट घालून हसत बाहेर आले. इथला पगार दिरहममध्ये. रुपया पडला की तेवढ्याच दिरहमचे घरी जास्त रुपये पोचतात. वसईला त्यांच्या बायकोच्या, सिसिलियाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. "बेस्ट टायमिंग," अंकल म्हणाले. "हेच बोलतो."

"अंकल, तसं नको. रुपया पडला म्हणजे वाईट, एवढंच ठेवू. लोकांना दोन गोष्टी एकदम कळत नाहीत."

"तुमचं शिक्षण आहे, तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी निळा शर्ट घातला, उसासा वाढवला आणि म्हणाले, "दिवस कठीण आलेत. हात आखडता घ्यावा लागणार." वाहिनीने मागे रडकं संगीत लावून ते दिवसभर दाखवलं. डेस्कने मला शाबासकी दिली.

आठवड्याने अंकल स्वतः माझ्या दारात आले. सिसिलियाबाईंनी ऑपरेशन रद्द केलं होतं.

"टीव्हीचं आहे, खरं नाही, किती वेळा सांगितलं," ते म्हणाले. "तर म्हणते, तुम्ही फोनवर कायम सगळं बरंच आहे म्हणता. टीव्हीवर कशाला खोटं बोलाल?"

मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त एक मागितलं. "कॅमेऱ्यापुढे माझा एक बाइट घ्या. रुपया पडून फायदा झालेला माणूस. ती बघेल."

मी डेस्कला फोन केला. डेस्क म्हणाला, "फायदा झालेला माणूस सामान्य नसतो हो." हे वाक्य मीच त्यांना शिकवलं असेल, इतकं ते माझं होतं.

अंकलना ते सांगायची मला लाज वाटत होती, तरी सांगितलं. म्हटलं, मी फोनवर रेकॉर्ड करतो, थेट सिसिलियाबाईंनाच पाठवू. अंकल खुर्चीत बसले. शर्ट कुठला, हे त्यांनी विचारलं नाही.

"सिसिल, ऐक. पैशाची तंगी नाही. गुडघा करून घे. मी मजेत आहे. मजेत म्हणजे... रूमवर आलं की बोलायला कोणी नसतं. तेवढं आहे. पण पैशाचं खरंच बरं आहे." मग मला म्हणाले, "शेवटचं कापा."

माणसांची वाक्यं कापणं हेच माझं काम. पण म्हटलं, "अंकल, ते कापलं तर त्यांना बाकीचंही खरं वाटणार नाही."

"मग राहू दे," अंकल म्हणाले. "पाठवा."

चहा होईपर्यंत उत्तर आलं. अंकलनी वाचलं, चष्मा पुसला आणि फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं: डॉक्टरांकडे तारीख मागते. तुम्ही जेवता कोणाबरोबर?

"बघा," अंकल म्हणाले. "हिला रुपयाचं काही पडलेलंच नाही."

इतकी वर्षं मी त्यांना पेट्रोलपासून सोन्यापर्यंत सगळं विचारलं होतं, हे सोडून. आमच्या दोन स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे.