जवाईबापूंचं डेरिक

इंग्रजी शब्दाची जन्मकुंडली मला विचारावी! अकोटला अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, उगाच नाही. सासुरवाडीत, म्हणजे शेंदूरजनाघाटला, तर माझा शब्द म्हणजे कायदा. सासूबाई मैनाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमचे जवाईबापू लय शिकेल हायेत!"

यंदा उन्हाळ्यात गेलो, तर बोअरमधली मोटर बंद! चार दिवस बागेला पाणी नाही, हिरवी संत्री टपाटप गळत होती. मेहुण्यानं, गजेंद्रनं, मोटर वर काढायला उंच लोखंडी तिपाई आणली होती. वर साखळीची कप्पी. ती पाहिली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

"गजेंद्र, याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"भाऊजी, आधी मोटर काढू द्या ना!"

"डेरिक! चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये डेरिक नावाचा जल्लाद होता. त्याच्या फाशीच्या खांबाला लोक त्याच्याच नावानं ओळखू लागले. पुढं ओझं उचलणाऱ्या खांबालाही तेच नाव पडलं!"

मजूर थक्क! मी छाती फुगवून सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिपाईपुढं नारळ फोडायला आल्या होत्या. नारळ तसाच पदराखाली गेला.

"फाशी देनाऱ्याची वस्तू? माह्या बोअरवर? काहाडा ते!"

"माय, नुसतं नाव हाय वो!" गजेंद्र काकुळतीला आला.

"मंग जवाईबापू खोटं बोलून राहिले का?"

आता मी काय बोलणार! खोटं म्हणावं तर माझी इज्जत जाते, खरं म्हणावं तर बाग जाते. मी इज्जत वाचवली. "खरं आहे," म्हणालो.

"मंग हातानंच वढा! अन् जवाईबापूइले म्होरं घ्या. मान त्याइचा हाय."

तिपाई हटली. दोरावर आम्ही पाच जण, सर्वांत पुढं मी. तासभर ओढल्यावर मोटर वर आली आणि त्याच क्षणी माझी कंबर गेली! झाडाखालची खाट आणून मला तिच्यावर घातलं. चौघांनी चार खूर उचलले आणि घराकडे निघाले. कंबर ठणकत होती, पण मोटर निघाली, बाग वाचली, आणि ओढणाऱ्यांत मी पहिला! मला गप्प राहवेना.

"गजेंद्र, इंग्रजांचा कॉट शब्द कुठून आला, माहीत आहे?"

"कुठून, भाऊजी?"

"आपल्या खाटेवरून! साहेबानं तो आपल्याकडून नेला!"

चौघांनाही आपल्या खाटेचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी तिथंच कडाडून टाळ्या वाजवल्या.

दोन्ही हातांनी!