बशीखालचा शिक्का

गेल्या पावसाळ्यात बायको दीपमाला, गल्लीच्या अक्का, गेली, तेव्हापासून धुळ्याच्या घरात कुकरची शिट्टी सोडली तर रिटायर्ड रेल्वेवाल्या तोतारामनानांशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. अशा रिकाम्या दुपारी माणूस फडताळातल्या चिनीमातीच्या बश्याही उलट्या करून पाहतो. नानांनी पाहिल्या. एका बशीच्या बुडाला लालभडक चंद्रकोर आणि तीन ठिपके!

जुन्या चिनीमातीचं वय बुडाच्या शिक्क्यावरून काढतात, हे नानांनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांनी फोटो जळगावच्या सुरेशचंदांना पाठवला. सुरेशचंद जुन्या वस्तूंचे व्यापारी, शिक्क्यांचं जाडजूड पुस्तक बाळगून असलेले.

“नाना, हा शिक्का माझ्या पुस्तकातच नाही!” त्यांचा लगेच फोन. “म्हणजे दीडशे वर्षं तरी धरा. रविवारी येतो. तोवर बशीत चहा ओतू नका.”

बातमी गल्लीभर झाली. वर्षभर ज्या दाराची कडी वाजली नव्हती, तिथं चपलांचा ढीग पडला. नाना प्रत्येकाला स्टीलच्या पेल्यात चहा पाजायचे आणि बशी लांबून दाखवायचे. ती किती जुनी, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. माणसं येत होती, याचाच आनंद होता.

रविवारी सुरेशचंदांनी भिंग लावलं. सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात भडगावला लेकीकडे गेलेल्या शेजारच्या सुनंदाबाई पिशवीसकट आत शिरल्या.

“नाना, हाई ते अक्कानी खूण शे! गल्लीमा कपबश्या बदलायेत नहीत म्हनीसन नेलपॉलिश लायेल शे. मना घर बी तीन शेतस!”

सुरेशचंद नखानं ठिपका खरवडू लागले. “खाली कारखान्याचा शिक्का असेल—”

नानांनी बशी ओढूनच घेतली. “राहू द्या शेठ. तिच्या हातचं आहे.”

सुरेशचंद पुस्तक बगलेत मारून बसस्टँडकडे गेले. अक्कांकडून नेलेल्या कपबश्या परत करायच्या राहिल्या म्हणून गल्ली मात्र ओशाळली. घरोघरची फडताळं धुंडाळली गेली आणि संध्याकाळपर्यंत चंद्रकोरीच्या अठरा कपबश्या गुपचूप नानांच्या ओट्यावर येऊन पडल्या. सोमवारी कुणी फिरकलं नाही. कपबश्यांनी भरलेल्या त्या घरात नानांना रडू आलं.

मंगळवारी सकाळी पिशवी भरून ते सुनंदाबाईंच्या दारात उभे. एक कपबशी काढून म्हणाले, “यात चहा द्या.”

चहा झाला, गप्पा झाल्या. नाना उठले.

“नाना, कपबशी लई जा ना!”

“असू द्या. उद्या न्यायला येईन,” नाना म्हणाले, आणि उरलेल्या सतरा खुळखुळवत पुढच्या दाराकडे वळले.