तीन वर्ग करण्यात येत आहेत

ते पत्र मी स्वतः वाचायचं ठरवलं, एवढाच माझा गुन्हा.

तुम्ही म्हणाल, पत्र वाचण्यात कसला आलाय गुन्हा? पण मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. (खरं तर शाळेनंच मला सोडलं, पण वाक्य असं बरं दिसतं.) सायकलींची पंक्चरं काढतो. टायर बोटानं दाबलं की हवा किती ते कळतं. अक्षरं दाबून काही कळत नाही. आजवर घरी आलेला प्रत्येक कागद ताईनं वाचला. विजेचं बिलसुद्धा ती असं रंगवून वाचायची, की पुढं काय होणार म्हणून जीव टांगणीला लागायचा.

ताईला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

आमच्या वस्तीतल्या शाळेसाठी ती दोन वर्षं भांडत होती. शाळेत वर्ग तीन आणि खोल्या दोन. तिसरीची पोरं व्हरांड्यात बसायची आणि पाऊस आला की पहिलीच्या मांडीवर. ‘तिसरी खोली द्या’ असा अर्ज ताई दर महिन्याला शिक्षण कार्यालयात द्यायची. शेवटचा तर दवाखान्यातल्या खाटेवर बसून लिहिला. ती गेली आणि शाळा समितीनं तिच्या जागी मला अध्यक्ष केलं. (मी रडत होतो, त्यामुळं नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.) तिची निळी फाईल मी ताब्यात घेतली आणि कुणाला हात लावू दिला नाही. उशीखाली ठेवून झोपायचो. मान आखडली, पण फाईल सोडली नाही.

तर त्या फाईलसाठी पत्र आलं. माझ्या दुकानाला लागूनच दाजींचं शिवणकामाचं दुकान. दाजी म्हणजे ताईचा नवरा.

“काय आलंय? आण इकडे, वाचतो.”

“नको. ताईच्या फाईलचं आहे. मी वाचणार.”

“तू?” दाजींच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यातल्या दोन खाली पडल्या.

मी बोट ठेवून वाचायला बसलो. अवघड शब्द आला की डबक्यावरून मारावी तशी उडी मारायची आणि पुढं जायचं. पत्रात लिहिलं होतं: ‘आपल्या शाळेचे तिन्ही वर्ग एक तारखेपासून मुख्य रस्त्यापलीकडील शाळेकडे वर्ग करण्यात येत आहेत.’ उड्या मारून माझ्या हाताला लागलं ते एवढंच: तिन्ही वर्ग. एक तारखेपासून. रस्ता. वर्ग करण्यात येत आहेत.

“दाजी! तिन्ही वर्ग करण्यात येत आहेत! नवे बांधतायत! आणि बहुतेक रस्तापण!”

दाजींनी एका गिऱ्हाइकाच्या अर्धवट शिवलेल्या बाहीनं डोळे पुसले. “जिंकली रे तुझी ताई,” म्हणाले. त्यानंतर पत्र बघू म्हणण्याचा धीर कुणाला होणार?

एकच माणूस मला थांबवू शकला असता, तो म्हणजे मोठ्या बाई. त्याच मुख्याध्यापिका, त्याच तिन्ही वर्गांच्या शिक्षिका. पण त्या आठवडाभर कसल्याशा प्रशिक्षणाला गेल्या होत्या, म्हणून शाळेलाही सुट्टी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण फुलांचा भलामोठा गुच्छ घेऊन शिक्षण कार्यालयात गेलो. अकरा माणसं एकदम आत शिरलेली बघून साहेबांनी आधी टेबलावरचा पेपरवेट खणात टाकला.

“साहेब, आभार मानायला आलोय,” मी म्हणालो.

“कशाबद्दल?”

“वर्ग केलेत त्याबद्दल!”

साहेब गुच्छाकडे बघत राहिले. “म्हणजे... तुमचा विरोध नाही?”

“विरोध? दोन वर्षं आम्ही याचसाठी भांडतोय!”

“नाही, मला वाटलं, मुलांना लांब पडेल.”

“लांब पडू दे, रुंद पडू दे. आम्ही बसवू!”

“मधला रस्ता फार मोठा आहे हो.”

“मोठाच हवा, साहेब. केलाच आहे तर मोठा करा!”

साहेबांनी गुच्छ दोन्ही हातांनी घेतला. अठरा वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्यांना शिव्या, निवेदनं आणि एकदा चप्पल दिली होती; फुलं कधीच दिली नव्हती. “हे लिहून द्याल का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच लिहा. मी सही करतो.” सही तेवढी मला झकास येते. ताईनं शिकवलीय. सहीचं शेपूट मी स्वतः वाढवलंय.

शनिवारी शाळेपुढं ट्रक उभा राहिला. रिकामा. “सामान न्यायला आलोय,” ड्रायव्हर म्हणाला.

“जुनं नेणार, नवं आणणार!” मी वस्तीला समजावलं. मग काय विचारता! सगळी वस्ती धावली. बाकं, कपाट, नकाशे, घंटा, सगळं आम्हीच चढवलं. फळ्याचे स्क्रू गंजले होते. ते मी माझ्या हत्यारांनी काढले. ड्रायव्हर म्हणाला, “इतकी समजूतदार वस्ती मी पाहिली नाही.” मी म्हटलं, “संस्कार आहेत.”

ट्रक वळणावर दिसेनासा झाला आणि दुसऱ्या बाजूनं हातात पिशवी घेऊन मोठ्या बाई आल्या.

“शाळा कुठं गेली?”

“येतेय, बाई.”

बाईंनी हात पुढं केला. “पत्र.”

त्या ताईच्या मैत्रीण, म्हणून दिलं. त्यांनी एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अरे, वर्ग करणं म्हणजे बदली करणं. इकडचं तिकडं पाठवणं. शाळा बंद केलीय त्यांनी. आपली पोरं तो गाड्यांचा रस्ता ओलांडून रोज जाणार आहेत?”

मी खाली बसलो. कुठं बसलो ते बघितलं नाही. बाकं तर गेलेली. ताईनं दोन वर्षं जी शाळा धरून ठेवली, ती मी एका सकाळीत, स्वतःच्या हत्यारांनी, स्क्रू न हरवता, काढून दिली होती.

तसाच उठून कार्यालयात पळालो. मागून दाजी, बाई आणि वस्ती. साहेबांनी गुच्छ पाण्यात ठेवला होता. माझं ऐकून ते फारच दुखावले.

“म्हणजे ही फुलं...?”

“फुलं तुम्हालाच, साहेब. शाळा आम्हाला.”

“असं कसं? तुमच्या सहीचं स्वागतपत्र आहे. आज ते वर जाणार. आता म्हणता, पत्र कळलं नाही?”

“साहेब,” मी म्हणालो, “मला वाचता येत नाही.”

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. “ताई वाचायची,” एवढं कसंबसं पुढं जोडलं.

साहेब जरा मऊ झाले. “बरं, तसं लिहून द्या.”

“ते लिहिता आलं असतं तर इथवर कशाला आलो असतो?”

शेवटी परीक्षा ठरली. साहेबांनी एक परिपत्रक पुढं केलं. सगळं कार्यालय जमलं. शाळा वाचवायची तर मला फक्त नापास व्हायचं होतं, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण एवढी माणसं बघितली आणि मला चेव आला. “सर्व... संबंधितांना... कळवण्यात...” मी धडाधड निघालो. जन्मात असं वाचलं नव्हतं!

दाजींनी दंडाला कचकन चिमटा काढला. “चूक की, गाढवा! चूक!”

सुदैवानं पुढच्याच ओळीत ‘निकष’ आला. मी तो ‘नक्षी’ वाचला. मग ‘अनुपालन’ आला. त्यावरून उडी मारताना मी थेट खालच्या शिक्क्यावर जाऊन पडलो. शिपाई हसून हसून दाराला टेकला. साहेबांनी हात वर केला, “पुरे,” म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

ट्रक परत आला. शाळा राहिली. तिसरी खोलीही मंजूर झाली. ताईचे सगळे अर्ज बाईंनी साहेबांसमोर एकावर एक ठेवले होते. नवा आदेश आला तेव्हा मी बाईंना एवढंच विचारलं, “यात ताईचं नाव आहे?”

“तिचं नाही रे. तुझं आहे.”

मला भरून आलं. कुणालाही न विचारता मी आदेशाला चौकट करून घेतली, काच बसवली आणि पोरांना नीट दिसेल अशा उंचीवर व्हरांड्यात चार स्क्रूंनी पक्की केली.

आता तिसरीचा वर्ग रोज सकाळी त्या चौकटीपुढं उभा राहून एका सुरात वाचतो: ‘सदर वस्तीच्या शाळा समितीच्या अध्यक्षांना साधे पत्रही वाचता येत नसल्याची या कार्यालयाने समक्ष खात्री केली आहे. सबब, या वस्तीत शाळेची नितांत गरज आहे.’

बाई म्हणतात, एवढ्या आवडीनं पोरांनी दुसरं काहीच वाचलेलं नाही.