प्रल्हादरावांचा श्वास

मुलाणी एक्स-रेवाल्यांनी "श्वास रोखा" म्हटलं आणि "सोडा" म्हणायच्या आत त्यांची बदली झाली, त्यामुळे प्रल्हादराव उंब्रजकर गेला पंधरवडाभर नांदगिरीच्या सरकारी दवाखान्यात श्वास रोखून उभे होते.

यात मुलाणींना कुणीच बोल लावला नाही. आपल्या गावाजवळ बदली मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज करत होते, आणि हुकूम निघाल्याचा फोन नेमका तेव्हाच वाजला. असा हुकूम निवू द्यायचा नसतो, हे सरकारी नोकरीतल्या कुणालाही कळतं. त्यांनी बटणावरचा हात काढला, जेवणाचा डबा उचलला आणि मिळेल ती एसटी पकडली.

"मग आता दुसऱ्या कुणीतरी सोडायला सांगा की," प्रल्हादरावांच्या पत्नी कुमुदताई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"असं कसं, काकू? ज्यानं रोखायला सांगितलं त्यानंच सोडायला सांगायचं. उद्या कुणीही उठून कुणाचाही श्वास सोडायला लागला तर दवाखाना चालायचा कसा?"

"फोनवरून?"

"नाही चालत. सांगणाऱ्याला काचेतून पेशंट दिसला पाहिजे."

"मी सांगून बघू?"

"बघा."

कुमुदताई आत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, सोडा." प्रल्हादरावांनी ऐकलं नाही. यात नवीन काही नव्हतं.

"पण पोझिशन बघा, काकू," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. प्रल्हादरावांची छाती प्लेटला चिकटलेली होती, हनुवटी वरच्या कडेवर टेकलेली, उलटे पंजे कमरेवर, कोपरं पुढे आणि खांदे इतके पुढे लोटलेले की पाठीची पाती फुप्फुसांवरून आपसूक बाजूला झाली होती. "बाकीचे पेशंट कोपरं पुढे घ्या म्हटलं की मान वळवतात. मान सरळ करा म्हटलं की पोट पुढे काढतात. माझ्या उभ्या नोकरीत असं कुणी उभं राहिलेलं नाही."

मग दवाखान्याने शेजारी दुसरा स्टँड बसवला. नव्या पेशंटला "त्या काकांसारखे उभे राहा" एवढंच सांगायचं. फोटो बिघडायचे थांबले. कुणा म्हातारीने काकांच्या पायाशी तुळशीची मंजिरी वाहिली, ती शिपायाने उचलली, कारण त्या खोलीत फुलं-पानं न्यायला बंदी होती.

कुमुदताई रोज भेटायला यायच्या. पहिल्या दिवशी सवयीने डबा आणला आणि मग स्टुलावर बसून स्वतःच खाल्ला. खोलीत फार शांत वाटत होतं. प्रल्हादराव एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले तेव्हा लाऊडस्पीकर स्टँडवर राहिला, पण आवाज घरी आला. आमटीत मीठ कमी पडलं तरी ते प्रवाशांचं लक्ष वेधून घेत. त्यांच्या दोन वाक्यांमध्ये कुमुदताईंना फट म्हणून सापडली नव्हती. नांदगिरीचं घर बंद करून कायमचं पुण्याला मुलाकडे जायचं, ही घोषणाही त्यांनी अशीच केली होती. टेम्पोवाल्याला सांगून झालं होतं. जायच्या आधी तेवढा खोकल्याचा फोटो काढून घ्यायचा, म्हणून तर ते इथे आले होते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी कुमुदताई बोलल्या. "गवार फार निबर येतेय हल्ली," एवढंच. वाक्य संपलं, तरी मध्ये कुणी बोललं नाही. पुढे काय म्हणायचं तेच त्यांना सुचेना. हळूहळू सवय झाली. त्या गवारीवरून शेजारच्या पुष्पावर आल्या, पुष्पावरून तिच्या स्कूटरवर. आणि मग डॉक्टरांनी येऊन सांगितलं, की मुलाणींना एका दिवसासाठी बोलावलंय, ते उद्या येतील.

एकदा का हा श्वास सुटला की पहिला शब्द प्रल्हादरावांचा, शेवटचाही त्यांचाच, आणि टेम्पो दारात. कुमुदताईंनी स्टूल पुढे ओढलं.

"अहो, मी पुण्याला येणार नाही. तुम्ही जा हवं तर. पुष्पा मला स्कूटर शिकवतेय, दोन महिने झाले. काल शाळेच्या मैदानावर एकटीने फिरवली. मला कध्धी इतकं बरं वाटलं नव्हतं हो. तिकडे मला कोण चालवू देणार?"

प्रल्हादराव हलले नाहीत. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी मुलाणी आले. त्यांनी गावाकडचे पेढे वाटले, काचेमागे उभे राहिले, पेशंट नीट न्याहाळला आणि म्हणाले, "सोडा."

तो श्वास बराच वेळ सुटत राहिला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, दाराबाहेरच्या रांगेतल्या एका बाईचा पदर उडाला. मग प्रल्हादरावांनी घसा खाकरला. कुमुदताईंनी पर्स घट्ट धरली.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," प्रल्हादराव म्हणाले. "नांदगिरीहून पुण्याला जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

संसार सुरू झाल्यापासून प्रल्हादराव कशाबद्दलच दिलगीर झाले नव्हते. कुमुदताईंना भरून आलं. त्या काहीतरी म्हणणार, तेवढ्यात प्रल्हादराव म्हणाले, "आता स्कूटरविषयी. चालकाने पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती म्हणजे क्लच."

"तिला क्लच नसतो."

"दुसरी गोष्ट म्हणजे चढावर गिअर. तिसरी गोष्ट, स्टँडजवळच्या वळणावर हॉर्न. चौथी गोष्ट..."

कुमुदताईंनी काचेकडे पाहिलं. मुलाणी संसारी माणूस होते.

"काका," ते म्हणाले, "तेव्हा माझ्याकडून बटण दाबायचं राहिलं होतं. फोटो निघालेलाच नाही. छाती लावा."

प्रल्हादरावांनी छाती लावली, हनुवटी टेकली, कोपरं पुढे घेतली. काही सांगावं लागलं नाही. डॉक्टर दारात येऊन कौतुकाने बघत उभे राहिले.

"श्वास घ्या. रोखा."

मुलाणींनी बटण दाबलं. फोटो स्वच्छ निघाला. मग त्यांनी काचेमागून डोकं बाहेर काढलं आणि अदबीने विचारलं, "काकू, माझी गाडी संध्याकाळची आहे. तोपर्यंत केव्हाही सांगता येईल. सोडू?"

कुमुदताईंनी पर्समधून पुष्पाच्या स्कूटरची किल्ली काढली.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "एक चक्कर मारून येते."