विजार गेली कुठं?

१९९४ साल. संगणक ही तेव्हा रोज संध्याकाळी कापडी आवरणाखाली झाकून ठेवायची वस्तू होती.

बारकीची ती पहिली नोकरी, एका छोट्या संगणक कंपनीत, तीही महिनाभराच्या बोलीवर. मापं भरली की पडद्यावर कपड्याचा आराखडा काढणारा प्रोग्रॅम तिने शिंपीकाकांसाठी लिहिला होता. महिना संपला त्या दिवशी मालक तिला घेऊन काकांच्या दुकानात निघाले. जिन्यातच म्हणाले, "काका हो म्हणाले तर राहशील. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

दुकानात एक उंच गिऱ्हाईक बसलं होतं. काकांनी त्याचीच मापं दुकानातल्या संगणकात भरली. पडद्यावर विजार उमटली, ती गुडघ्यापर्यंतच.

"ही तर चड्डी झाली. खाली सरकव की," काका म्हणाले.

सरकेना. बारकीने चित्राचा कागद पडद्यावरच्या चौकटीएवढाच धरला होता. त्यापलीकडे काही असेल हे चित्र पुढेमागे करणाऱ्या कडेच्या सरकपट्टीच्या गावीही नव्हतं.

मालकांनी घसा खाकरला. बारकीने घाबरून कागद वाढवला, तोही सढळ हाताने: लाख ठिपके लांब, लाख ठिपके रुंद. आता सरकपट्टीचा ठोकळा तांदळाएवढा झाला. तो केसभर हलला आणि विजार गायब.

"डावीकडे गेली असेल," मालक म्हणाले.

"आत माणूस नसताना विजार जाते कुठं?" काका म्हणाले आणि कात्री घेऊन आपल्या मेजाकडे वळले.

तासभर मालक आणि बारकी त्या पांढऱ्या वाळवंटात विजार शोधत राहिले. काही वेळाने गिऱ्हाईकही खुर्ची ओढून मदतीला बसलं.

शेवटी काका मेजावरूनच म्हणाले, "बारके, तू आधी कापड फाडतेस नि मग माप घेतेस होय? आधी विजार मोज. कडेनं दोन बोटं सोड. तेवढंच कापड घे. माप बदललं की पुन्हा मोज."

बारकीने तसंच केलं, चित्राचा कागद विजार मोजून तेवढाच धरला. विजार घोट्यापर्यंत सुरळीत सरकली.

"मग काका, पसंत?" मालकांनी विचारलं.

"विजार मी मघाशीच हातानं बेतली. गिऱ्हाईक किती वेळ बसवायचं?"

बारकीने मान खाली घातली.

"पण पोरगी सोडू नका हो. सांगितलेलं ऐकते. माझ्याकडं असं कुणी टिकत नाही."

मालकांनी पुढे संगणक सोडून फर्निचरचं दुकान काढलं. उंच गिऱ्हाइकाने ती विजार दहा वर्षं वापरली. काका गेले तेव्हा प्रोग्रॅम तसाच होता, त्यात तेवढी एकच विजार. बारकीच्या हाताखाली आज चाळीस माणसं आहेत. नोकरी पक्की झाली म्हणून काकांनी तिच्या संगणकासाठी शिवून दिलेलं आवरण तिने अजून जपलंय. ते पडद्याच्या निम्म्यापर्यंतच येतं. काकांनी नुसत्या नजरेनेच बेतलं होतं.